जहाज कोणासाठी बांधले आहे?

(मुरगाव बंदराच्या परिसरातील एका गावी, माध्यमिक विद्यालयाच्या सभागृहात ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर खात्याच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी दिलेल्या भाषणाचा हा मजकूर. विषयाची उपयुक्तता लक्षात घेऊन तो वाचकांसाठी येथे देत आहोत.)



जहाज हा विषय आपल्यापुढे मांडताना मला थोडा संकोच वाटतो. कारण या सभागृहात असे कितीतरी गृहस्थ बसले असतील की, ज्यांच्या घरातील कोणी ना कोणी तारवटी म्हणून बोटीवर गेलेला आहे. वडीलधाऱ्यांपैकी पुष्कळांनी मुंबई-गोवा आगबोटीचा प्रवास स्वतः केलेला असेल. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही नावे आजही त्यांच्या तोंडी आहेत. त्या बोटीत बसणाऱ्याला कोठेतरी जायचे असे : कोणाला कामावर, कोणाला लग्नाला, कोणाला गणपतीला. बोट हे पोहोचण्याचे साधन होते.

आज मी ज्या जहाजांविषयी बोलणार आहे, त्यांतील प्रवासी जेथून निघतो तेथेच बहुधा आठवडाभराने परत येतो. त्याला पोहोचायचे असे ठिकाण नसते. समुद्रावर काही दिवस सुखाने घालवणे हाच त्याचा हेतू असतो. या प्रवासाला आपण हल्ली सर्रास ‘क्रूझ’ म्हणतो. आपल्या बंदरात पावसाळा सरल्यावर ही जहाजे येऊ लागतात आणि उन्हाळ्यापर्यंत येत राहतात.

हा विषय मी का निवडला ते सांगतो. एका हंगामात कामानिमित्त मी बंदराच्या दरवाजाशी उभा होतो. एक प्रचंड जहाज धक्क्याला लागले होते. टॅक्सीवाले पहाटेपासून रांगेत होते. परंतु उतरले ते थोडे लोक, आणि त्यांतील बहुतेक आधीच ठरवलेल्या बसगाड्यांतून निघून गेले. पुढच्याच आठवड्यात त्या मानाने लहानसे जहाज आले. त्यातून जवळजवळ सगळे उतरले. कोणी जुने गोवे पाहायला गेले, कोणी मंगेशीला, कोणी मडगावच्या बाजारात. तेव्हा एका वृद्ध टॅक्सीमालकाने मला विचारले, “साहेब, जहाज मोठे, माणसे जास्त, मग आमचे भाडे कमी कसे?”

त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. नंतर वाचन केले, चार जाणत्यांना विचारले, आणि जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो आहे. त्या सर्वांचे सार एका वाक्यात सांगता येईल. क्रूझ कंपनी आधी आपला प्रवासी कोण हे ठरवते, आणि मग त्याच्या अंगाच्या मापाने जहाज बेतते. म्हणून जहाजाची रचना वाचता आली, तर त्यातून कोण उतरणार, किती उतरणार आणि त्यावर काम करणाऱ्याला काय करावे लागणार, याचा पुष्कळसा अंदाज बांधता येतो.

जहाजाचे माप

प्रथम मापाविषयी दोन शब्द. जहाजाचे आकारमान ‘ग्रॉस टनेज’मध्ये सांगतात. टन हा शब्द असला तरी ते वजन नाही. जहाजाच्या आतील एकूण बंदिस्त जागेवरून काढलेला तो एक आकडा आहे. हा आकडा प्रवाशांच्या संख्येने भागला, म्हणजे दर प्रवाशाच्या वाट्याला किती जागा येते हे ढोबळमानाने कळते. प्रत्येक खोलीत दोन माणसे धरून हा हिशेब करतात. घराची ऐसपैसता जशी नुसत्या क्षेत्रफळावरून न ठरता त्यात राहणाऱ्या माणसांवरून ठरते, तसेच हे आहे. हा आकडा तीसच्या आसपास असला तर जहाजावर दाटी जाणवते; पन्नासच्या वर गेला तर मोकळेपणा वाटतो. पुढे कंपन्यांची तुलना करताना हे माप आपल्या उपयोगी पडेल.

या धंद्याची पूर्वपीठिका

केवळ सहलीसाठी म्हणून बांधलेले पहिले जहाज जर्मनीतील हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीचे होते. ‘प्रिन्झेसिन व्हिक्टोरिया लुईझे’ हे त्याचे नाव. कंपनीचे प्रमुख आल्बर्ट बालिन यांच्या कल्पनेतून ते निघाले आणि १९०१ साली समुद्रावर आले. त्यावर सगळ्या खोल्या पहिल्या वर्गाच्या होत्या, आणि बाहेरून ते एखाद्या राजाच्या खासगी नौकेसारखे दिसे. म्हणजे पहिल्याच जहाजाने आपला प्रवासी निश्चित केला होता : धनिक. १९०६ च्या डिसेंबरात जमैका बेटाजवळ ते खडकावर चढले आणि निकामी झाले.

यानंतर अर्धे शतक धंदा होता तो मुख्यतः नियमित वाहतुकीचा. ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिक महासागरावरून जेट विमानांची वाहतूक सुरू झाली, आणि पाच-सहा दिवसांचा प्रवास काही तासांवर आला. मोठमोठी जहाजे प्रवाशांविना पडून राहू लागली. ज्यांना पोहोचायचे होते ते विमानाने गेले. तेव्हा ज्यांना पोहोचायचे नाही अशा माणसांना जहाजावर कसे आणावे, हा प्रश्न मालकांपुढे उभा राहिला. आजच्या क्रूझ कंपन्या म्हणजे या एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे आहेत.

१९६६ साली नॉर्वेचे क्नूट क्लॉस्टर आणि इस्रायलहून अमेरिकेत आलेले टेड ॲरिसन यांनी ‘सनवर्ड’ हे जहाज मायामीहून कॅरिबियन बेटांकडे सोडले. पुढे दोघांचे बिनसले. क्लॉस्टर यांची कंपनी नॉर्वेजियन या नावाने पुढे चालली. ॲरिसन यांनी १९७२ साली कार्निव्हल कंपनी काढली. १९६८ साली तीन नॉर्वेजियन जहाजमालकांनी एकत्र येऊन रॉयल कॅरिबियन स्थापन केली होती. पुढील तुलनेत ही नावे पुन्हा येतील.

कार्निव्हल : प्रथमच समुद्रावर येणारा

कार्निव्हलचे पहिले जहाज ‘मार्दी ग्रा’. ‘एम्प्रेस ऑफ कॅनडा’ हे अटलांटिकवरचे जुने जहाज घेऊन त्याला हे नाव दिले. पहिल्याच सफरीत ते मायामी बंदराच्या तोंडाशी वाळूत रुतले. कंपनीकडे नव्या जहाजाला पैसा नव्हता. तेव्हा तिने जहाजाचे जुनेपण झाकण्याऐवजी मौजेची जाहिरात केली आणि ‘फन शिप’ हे बिरुद लावले. तिने हेरलेला प्रवासी होता अमेरिकेतील सामान्य नोकरदार. ज्याने कधी जहाज पाहिले नाही आणि ज्याला शिष्टाचाराच्या भोजनाची धास्ती वाटते असा.

कंपनीच्या जहाजांची अंतर्रचना पुष्कळ वर्षे जो फार्कस या वास्तुरचनाकाराने केली. झगमगते दिवे, भडक रंग, नाट्यगृहासारखी सजावट ही त्याची तऱ्हा. १९८२ साली आलेल्या ‘ट्रॉपिकाले’ जहाजावरील पंखासारखे दुभंगलेले धुराडे पुढे कंपनीची ओळखखूण झाले. १९९६ मधील ‘कार्निव्हल डेस्टिनी’ हे एक लाख ग्रॉस टनेजची मर्यादा ओलांडणारे पहिले प्रवासी जहाज होय. २०२१ साली प्रवासाला निघालेल्या नव्या ‘मार्दी ग्रा’वर समुद्रावरील पहिली रोलर-कोस्टर गाडी आहे. जुने ‘मार्दी ग्रा’ सुमारे २७ हजारांचे होते, नवे सुमारे १ लाख ८० हजारांचे. दर प्रवाशामागे जागा मात्र सुमारे ३४ च येते. भाडे आवाक्यात ठेवायचे म्हणजे माणसे अधिक घ्यावी लागतात. यात लपवाछपवी काही नाही. आपल्या प्रवाशाला एकांतापेक्षा गजबज प्रिय आहे, असा कंपनीचा अनुभव आहे.

रॉयल कॅरिबियन : मुलाबाळांचे कुटुंब

रॉयल कॅरिबियनने आरंभापासून जहाजाच्या रचनेवरच भर दिला. १९७० मधील ‘साँग ऑफ नॉर्वे’ या तिच्या पहिल्या जहाजाच्या धुराड्याभोवती काचेची एक बैठक बांधलेली होती, जेथून चारी बाजूंचा समुद्र दिसे. आठ वर्षांनी मागणी वाढली, तेव्हा हेच जहाज गोदीत मधोमध कापून त्यात सुमारे २६ मीटरचा नवा तुकडा जोडण्यात आला. सुतार मेजाला फळी वाढवतो, तसाच हा प्रकार.

परंतु या कंपनीचे खरे कर्तृत्व दिसते ते एका अडचणीतून काढलेल्या वाटेत. जहाज जितके रुंद, तितक्या त्याच्या पोटातील खोल्या अंधाऱ्या. बाहेरच्या बाजूला सज्जा आणि समुद्र असलेली खोली चांगल्या भाड्याने जाते. आतल्या बिनखिडकीच्या खोलीला भाव नाही. १९९९ साली ‘व्हॉयेजर ऑफ द सीज’वर कंपनीने जहाजाच्या पोटातून दुकानांचा एक लांबलचक रस्ता काढला आणि आतल्या काही खोल्यांच्या खिडक्या त्या रस्त्यावर उघडल्या. दहा वर्षांनी फिनलंडमधील तुर्कू येथे बांधलेल्या ‘ओअॅसिस ऑफ द सीज’मध्ये तिने आणखी पुढे मजल मारली. जहाजाचा वरचा भाग मधोमध दुभंगून दोन रांगा केल्या, आणि मधल्या मोकळ्या जागेत, उघड्या आकाशाखाली बाग लावली. सुमारे १२ हजार रोपे तीत आहेत. आतल्या खोल्यांना या बागेकडे पाहणारे सज्जे मिळाले.

आपल्या गोव्यातील जुन्या घरांचे राजांगण ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही कल्पना चटकन उमगेल. मधल्या उघड्या चौकातून उजेड-वारा घ्यायचा आणि भोवतीच्या खोल्यांना तोंड द्यायचे, ही आपल्या गवंड्यांची जुनीच रीत. फिनलंडच्या गोदीला ती पोलादात आणि समुद्रावर साधावी लागली, आणि लाटांनी एवढे लांब जहाज पिळवटू नये याचा हिशेब मांडावा लागला.

जानेवारी २०२४ मध्ये निघालेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे याच मालिकेतील. त्याचे ग्रॉस टनेज सुमारे २ लाख ४८ हजार, म्हणजे ‘टायटॅनिक’च्या पाचपटीहून अधिक. खोलीत दोघे धरले तर ५,६१० प्रवासी, सर्व खाटा भरल्या तर सुमारे ७,६००, आणि २,३५० कर्मचारी. आपल्याकडील एखाद्या मोठ्या गावची वस्ती झाली ही. त्यावर सात तलाव आहेत, पाण्याच्या सहा घसरगुंड्या आहेत. दर प्रवाशामागे जागा सुमारे ४४ येते. ज्या कुटुंबात आईवडिलांना विश्रांती हवी आणि मुलांना स्वस्थ बसवत नाही, अशा कुटुंबासाठी हे जहाज बेतलेले आहे.

नॉर्वेजियन आणि डिस्ने : सवयींचा अभ्यास

नॉर्वेजियन कंपनीने १९७९ साली ‘फ्रान्स’ हे गाजलेले जहाज विकत घेऊन ‘नॉर्वे’ नावाने कॅरिबियनमध्ये आणले. ते इतके मोठे होते की बहुतेक बेटांच्या धक्क्यांना लागेना. माणसे किनाऱ्यावर नेण्यासाठी त्याच्या पुढच्या डेकवर दोन मोठ्या होड्या ठेवाव्या लागल्या. पण या कंपनीचा मोठा बदल वेळापत्रकातला आहे. पूर्वी जहाजावर जेवणाची वेळ, मेज आणि सोबती ठरलेले असत. २००० सालापासून तिने ही सक्ती काढून टाकली; हवे तेव्हा, हवे तेथे जेवावे. त्यासाठी एका प्रचंड भोजनगृहाऐवजी अनेक लहान भोजनगृहे बांधावी लागली. २०१० मधील ‘नॉर्वेजियन एपिक’वर तिने एकट्या प्रवाशासाठी १२८ खोल्या केल्या. तोवर एकट्या माणसाला दोघांच्या खोलीचे भाडे भरावे लागे.

डिस्ने कंपनीचे ‘डिस्ने मॅजिक’ १९९८ साली इटलीत बांधून निघाले. तिचा प्रवासी म्हणजे लहान मूल, आणि त्याच्याबरोबर येणारे पालक. तिच्या बहुतेक खोल्यांत स्नानगृहाचे दोन भाग केलेले आहेत : एकात आंघोळीची सोय, दुसऱ्यात शौचाची, आणि हात धुण्याचे भांडे दोन्हींत. सकाळी मुलांना शाळेत धाडण्याची घाई ज्या घरांनी अनुभवली आहे, त्यांना या सोयीचे मोल सांगायला नको. प्रवासी रोज नव्या भोजनगृहात जातो आणि त्याचे वाढपीही त्याच्याबरोबर तेथे जातात, म्हणजे मुलांना ओळखीचा चेहरा राहतो. जुगारगृह नाही. दोन धुराड्यांपैकी पुढचे केवळ शोभेचे आहे; जुन्या जहाजांची ऐट यावी म्हणून ते ठेवले आणि त्याच्या पोकळीत किशोरवयीन मुलांची बैठक केली. दर प्रवाशामागे जागा सुमारे ४७ आहे. भाडेही त्या मानाने चढे असते.

कुनार्ड आणि व्हायकिंग : ज्याला निवांतपणा हवा

कुनार्ड ही १८४० पासून अटलांटिकवर जहाजे चालवणारी कंपनी. तिचे ‘क्वीन मेरी २’ जानेवारी २००४ मध्ये प्रवासाला निघाले. स्टीफन पेन हे त्याचे रचनाकार. हे जहाज सहलीचे असूनही उत्तर अटलांटिकच्या खवळलेल्या हिवाळी समुद्रातून नियमित ये-जा करण्यासाठी बांधले आहे. त्यामुळे त्याची नाळ लांब आणि निमुळती, पाण्याखालचा भाग सुमारे दहा मीटर खोल, आणि पोलाद जाड. जीवरक्षक होड्या पाण्यापासून सुमारे २५ मीटर उंचीवर टांगलेल्या आहेत, म्हणजे लाटांचा तडाखा त्यांना बसू नये. सर्वसाधारण क्रूझ जहाज ताशी २२ सागरी मैलांच्या आसपास जाते. हे तीसच्या जवळ जाऊ शकते. जागा दर प्रवाशामागे सुमारे ५५. मोठे ग्रंथालय आहे, तारांगण आहे, प्रवाशांच्या कुत्र्यांची सोयसुद्धा आहे. ज्या दर्जाची खोली, त्या दर्जाचे भोजनगृह ही जुनी वर्गवारी मात्र येथे अजून पाळली जाते.

व्हायकिंगचे पहिले सागरी जहाज ‘व्हायकिंग स्टार’ २०१५ साली आले. युरोपच्या नद्यांतून सहली काढणारी ही कंपनी. जहाज अवघे ४७ हजार आठशेचे, प्रवासी ९३०, म्हणजे जागा सुमारे ५१. प्रत्येक खोलीला सज्जा आहे. जुगारगृह नाही, आणि अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. प्रत्येक बंदरात किनाऱ्यावरील एक फेरी भाड्यातच धरलेली असते. इतिहास, देवळे, चर्चे, बाजार यांत रस असलेला प्रौढ वयाचा वाचणारा माणूस हा तिचा प्रवासी.

आता एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कुनार्ड ही १९९८ पासून कार्निव्हलच्याच मालकीची आहे. प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, इटलीची कोस्टा, जर्मनीची आयडा, ब्रिटिशांची पी अँड ओ या क्रूझ कंपन्याही त्याच समूहातल्या. एकच मालक नवख्यासाठी एक जहाज बांधतो, जर्मन भाषा बोलणाऱ्यांसाठी दुसरे, निवृत्तांसाठी तिसरे. जहाजे निरनिराळी दिसतात ती प्रवासी निरनिराळे म्हणून.

यंत्रविद्येतील सुधारणा मात्र सगळ्यांनीच उचलल्या. १९९८ साली कार्निव्हलच्या ‘इलेशन’वर प्रथम अशी योजना आली की, विजेची मोटर आणि पंखा जहाजाच्या तळाखाली एका फिरत्या कुपीत बसवायचे. ही कुपीच वळत असल्याने वेगळे सुकाणू लागत नाही, आणि मोठे जहाज अरुंद बंदरात फिरवणे सोपे जाते. डिसेंबर २०१८ मधील ‘आयडानोव्हा’पासून द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालणारी जहाजे आली. त्याने धुरातील काजळी आणि गंधक कमी झाले. तथापि न जळलेला मिथेन वायू हवेत जातो ही हरकत अजून शिल्लक आहे.

आपल्या किनाऱ्यावरचे जहाज

आपल्याकडील उदाहरण घेऊ. २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची या बाजूला सहली काढणाऱ्या कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मूळचे रॉयल कॅरिबियनचे. १९९० साली फ्रान्समध्ये ते ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने बांधले गेले, आणि बांधतानाच मायामीहून बहामा बेटांकडील तीन-चार रात्रींच्या सहलीसाठी योजलेले होते. सुमारे ४८ हजार ग्रॉस टनेज, खोलीत दोघे धरून सुमारे १,६०० प्रवासी, म्हणजे जागा तीसच्या आसपास. चार रात्रींसाठी आलेला माणूस खोलीत फारसा थांबत नाही, म्हणून खोल्या लहान. मुंबईच्या कुटुंबाची शनिवार-रविवारला जोडून काढलेली सहल त्याच मापात बसली. रचना परदेशी राहिली. स्वयंपाकघरात मात्र शाकाहारी आणि जैन भोजनाची सोय आली. जहाज तेच राहून प्रवासी बदलला की काय बदलते आणि काय बदलत नाही, हे यावरून दिसते.

बंदराने काय पाहावे

आता त्या टॅक्सीमालकाच्या प्रश्नाकडे येऊ. जहाज जितके स्वयंपूर्ण गाव बनते, तितकी बंदराची गरज कमी होते. ज्याच्या मुलांना सहा घसरगुंड्या वर आहेत, तो भर उन्हात खाली का उतरेल? कंपन्यांनी याहीपुढे जाऊन स्वतःची बेटे केली आहेत. नॉर्वेजियनने १९७७ मध्ये बहामातील एक बेट घेतले, पुढे डिस्नेनेही घेतले, आणि रॉयल कॅरिबियनने आपल्या तेथील बेटावर २०१९ मध्ये मोठी करमणूकनगरी उभारली. तेथे प्रवाशाने खर्चलेला पैसा बहुतांशी कंपनीकडेच राहतो.

दुसऱ्या बाजूला, मोठ्या जहाजातून सगळेच उतरले तर गाव गुदमरते. व्हेनिसने हे सोसले. १ ऑगस्ट २०२१ पासून इटलीच्या सरकारने २५ हजारांहून अधिक ग्रॉस टनेजच्या जहाजांना शहरालगतच्या जुदेक्का कालव्यात मनाई केली. अमेरिकेच्या मेन राज्यातील बार हार्बर या लहान गावाच्या मतदारांनी २०२२ साली दिवसाला एक हजार प्रवासी उतरण्याची मर्यादा मंजूर केली. अंटार्क्टिकात तर सहल कंपन्यांच्या संघटनेचा नियमच आहे की, एका जागी एका वेळी शंभरांहून अधिक प्रवासी उतरवायचे नाहीत.

आपण एवढ्या टोकाला जावे असे माझे म्हणणे नाही. परंतु जहाज येण्याआधी त्याचे नाव कळते, आणि नावावरून माप, कंपनी व प्रवासी कळू शकतो. तेव्हा तीन प्रश्न विचारण्याची सवय लावावी. प्रवासी किती? जहाज किती तास थांबणार? आणि ते कोणासाठी बांधले आहे? प्रौढ, वाचणाऱ्या प्रवाशाला तांबडी सुर्ल्याचे महादेव मंदिर, पणजीचे फोंतायन्यास, लोटलीची जुनी घरे दाखवता येतील; परंतु त्याला इतिहास नीट सांगणारा मार्गदर्शक हवा. मुलांचे कुटुंब आले तर जवळचा किनारा, सावली, स्वच्छ प्रसाधनगृह आणि वेळेवर परत आणणारी गाडी हवी. तयारी निराळी, दर निराळे, आणि रांगेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांची संख्याही निराळी. शिक्षकांना मी विनंती करीन की, हा हिशेब मुलांना गणिताच्या आणि भूगोलाच्या तासाला करायला द्यावा.

तारवट्यांविषयी

शेवटी, माझ्याकडे येणारे तरुण विचारतात तो प्रश्न : कोणत्या कंपनीत जावे? आपली माणसे पी अँड ओच्या बोटींवर कामाला जात, मुंबईत धोबीतलावच्या कुडींत राहून बोटीची वाट पाहत, तेव्हापासूनचा हा प्रश्न आहे.

मी एका कंपनीचे नाव सांगणार नाही. परंतु जहाजाची रचना येथेही वाट दाखवते. मुलांच्या जहाजावर वाढप्याला हसतमुख आणि सोशिक राहावे लागते. प्रौढांच्या जहाजावर संभाषण आणि शिष्टाचार लागतो. आयडाच्या जहाजावर जर्मन बोलता येणाऱ्याला वाव अधिक. अमेरिकी प्रवाशांच्या जहाजावर वाढप्याच्या मिळकतीचा मोठा भाग बक्षिसीतून येतो. तेव्हा करारातील मूळ वेतन किती हे वाचल्याशिवाय सही करू नये.

बहुतेक जहाजांवर बहामा, पनामा, बर्म्युडा, माल्टा अशा देशांचे निशाण असते, आणि जहाजावर कायदा त्या निशाणाचा चालतो. तरीही एक आधार आहे. सागरी कामगारांविषयीचा २००६ सालचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ पासून अमलात आला, आणि भारताने तो २०१५ साली मान्य केला. त्यानुसार चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. करार संपल्यावर घरी पोहोचवण्याचा खर्च मालकाचा. आणि नोकरी लावून देण्याबद्दल तारवट्याकडून दलाली घेता येत नाही. पारपत्र, वैद्यकीय दाखला आणि खलाशाची नोंदपुस्तिका यांचा खर्च तेवढा त्याचा. भरती करणाऱ्या संस्थेकडे केंद्राच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना असावा लागतो. तो आहे की नाही हे पाहिल्याशिवाय कोणाच्याही हाती दमडी देऊ नये. दागिने गहाण टाकून दलालाला पैसे दिले आणि जहाज कधी दिसलेच नाही, अशी माणसे मला भेटलेली आहेत.

आणखी एक. जहाजावरचा वाढपी हा केवळ वाढपी नसतो. आणीबाणीत त्याला नेमून दिलेले काम असते. प्रवाशांना जमवायचे, होडीत बसवायचे. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळले आणि ३२ माणसे दगावली. त्या सफरीत नव्याने चढलेल्या प्रवाशांची आणीबाणीची कवायत अद्याप झालेली नव्हती. तेव्हापासून ती जहाज सुटण्यापूर्वीच घेतात. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ साथीमुळे अडकले, तेव्हा त्यावर १३८ भारतीय होते. त्यांतील १३२ कर्मचारी होते. प्रवासी आपापल्या खोल्यांत बंद असताना दारोदार जेवण पोहोचवणारे हात अशा कर्मचाऱ्यांचेच होते. म्हणून भरतीपूर्वीचे सुरक्षेचे शिक्षण कागद मिळवण्यापुरते उरकू नये. ते स्वतःच्या आणि परक्याच्या जिवासाठी असते.

मित्रहो, पुढच्या वेळी बंदरात पांढरे जहाज दिसेल, तेव्हा मुलांना त्याची उंची जरूर दाखवा. पण त्याबरोबर हेही विचारायला शिकवा की, सज्जे किती आहेत, होड्या किती उंचीवर आहेत, वर घसरगुंडी आहे की नाही, निशाण कोणाचे आहे. त्या टॅक्सीमालकाला मी उत्तर दिले ते असे : “बाबा, जहाजाचे मोठेपण त्याच्या मालकाचे. आपले भाडे ठरते ते आत कोण बसला आहे यावर; ते आधी विचारा.” त्यांनी आता जहाजाचे नाव आदल्या दिवशी लिहून घ्यायला सुरुवात केली आहे.